तंजावरची तोफ, रॉबिन्सचा लंबक आणि ‘एका गोळीत काम’

(लेख मोठा आहे. सवडीने वाचावा. आकडेमोड शाळेतल्या भौतिकशास्त्रापलीकडची नाही आणि ती स्वतः करून पाहिल्यास अधिक बरे.)

तंजावरच्या भोसल्यांच्या राजवाड्यापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर, जुन्या किल्ल्याच्या पूर्व दरवाजापाशी एक उंचवटा आहे. तमिळमध्ये त्याला ‘पीरंगी मेडु’, म्हणजे तोफेचे टेकाड, म्हणतात. ‘पीरंगी’ हा आपलाच ‘फिरंगी’. आपण तो शब्द परदेशी पात्याच्या तलवारीला दिला, तमिळ माणसाने तो तोफेला दिला. या टेकाडावर ‘राजगोपाल’ नावाची तोफ पडून आहे. ती मराठ्यांनी घडवलेली नाही. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले त्याच्या कितीतरी आधी, रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीत, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती घडवली गेली असे मानले जाते. मराठ्यांना ती किल्ल्याबरोबर मिळाली.

तोफ ओतीव नाही, घडीव आहे. लांब लोखंडी पट्ट्या कडेला कड लावून नळी केली, तिच्यावर तापवलेली लोखंडी कडी एकाशेजारी एक आणि थरावर थर अशी चढवली, आणि हातोड्याच्या घावांनी सारे एकजीव केले. कानपूरच्या आयआयटीतील धातुशास्त्रज्ञ प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी तिचा तपशीलवार अभ्यास केला होता. लांबी सुमारे ७.५ मीटर, नळीचा बाहेरचा व्यास सुमारे ९३ सेंमी, आतला सुमारे ६३ सेंमी, वजन सुमारे २२ टन. हे वजन कोणी तराजूत टाकून काढलेले नाही, पण ते पटण्याजोगे आहे की नाही हे घरबसल्या तपासता येते. बाहेरच्या दंडगोलातून आतला वजा केला तर सुमारे पावणेतीन घनमीटर लोखंड उरते. एका घनमीटरला ७.८ टन धरा. उत्तर साडेएकवीस टन येते. म्हणजे हा आकडा खरा असण्याजोगा आहे. शस्त्रांविषयीचे आकडे इतक्या सहज तपासणीला उतरताना मी फारसे पाहिलेले नाहीत, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवली.

आता दुसरा आकडा पाहू. जयपूरजवळच्या जयगडावर ‘जयबाण’ नावाची तोफ आहे, १७२० च्या सुमाराची. तिच्याविषयी सर्रास सांगितले जाते की चाचणीच्या वेळी गोळा ३५ किलोमीटरवर पडला आणि तिथे तळे झाले. हवा नाहीच असे समजू, ४५ अंशांचा कोन घेऊ, तरी ३५ किलोमीटरसाठी गोळ्याचा नळीतून सुटतानाचा वेग सेकंदाला जवळजवळ ५८५ मीटर लागतो. काळ्या दारूच्या तोफांना सेकंदाला साडेचारशे-पाचशे मीटर हीच मोठी मजल होती. शिवाय हवा आहेच. ती किती आड येते हे पुढे येईलच. तळे आहे, म्हणून गोळा पडला असणार, हा युक्तिवाद मात्र ऐकायला फार रंजक वाटतो.

राजगोपाल तोफ अशा दंतकथेपासून तुलनेने मुक्त आहे, पण तिचा आकार हीच तिची जाहिरात होती. ६३ सेंमीच्या नळीत थोडी फट ठेवून ग्रॅनाइटचा गोळा घातला तर तो ३०० किलोंच्या आसपास भरेल. दारूच्या वायूंचा सरासरी दाब तीस वातावरणांइतका धरला आणि गोळ्याने पाच मीटर नळी पार केली, तर तो सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या घरात वेगाने बाहेर पडेल. हवेचा अडथळा सोडून पल्ला तीन किलोमीटर. हा माझा ढोबळ अंदाज आहे, ऐतिहासिक नोंद नव्हे. पण त्याच अंदाजातून दुसरी गोष्टही निघते. गोळ्याला जितका संवेग मिळाला तितकाच तोफेला उलट दिशेने मिळणार, म्हणजे बावीस टनांचे धूड सेकंदाला जवळजवळ अडीच मीटर वेगाने मागे सरणार. ते अडवायचे कशाने, पुन्हा जागेवर आणून रोखायचे किती वेळात, आणि शत्रू तोवर त्याच रेषेत उभा राहणार का? तोफेचा व्यास सांगणारा माणूस हे प्रश्न कधी सांगत नाही.

तंजावरवर प्रत्यक्ष संकटे आली तेव्हाचे वृत्तांत म्हणूनच वाचण्यासारखे आहेत. ऑगस्ट १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लाली जुन्या कर्जरोख्याच्या वसुलीसाठी तंजावरवर चालून आला. गादीवर प्रतापसिंह होते. तटाला खिंडार पडण्याची वेळ आली आणि लालीच्या छावणीत दारूगोळा संपत आला. अन्नाची टंचाई होती, कारैकालसमोर फ्रेंच आरमार मार खाऊन गेले होते. १० ऑगस्टला वेढा उठला. पुढे १७७३ मध्ये कंपनी आणि अर्काटचा नवाब यांनी मिळून किल्ला घेतला तेव्हाही राजगोपाल तोफ तटात होतीच.

लालीच्या नऊ वर्षे आधी, १७४९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने कोल्लिडम नदीच्या मुखाजवळचे देवीकोट्टै हे ठाणे याच प्रतापसिंहांकडून जिंकून घेतले होते. तरुण क्लाइव्हचे नाव पुढे आले ते याच लढाईत. कंपनीचा मुख्य तळ तेव्हा उत्तरेला, कडलूरच्या फोर्ट सेंट डेव्हिडला होता. त्याच फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये २९ जुलै १७५१ रोजी बेंजामिन रॉबिन्स नावाचा एक इंग्रज गणिती तापाने वारला. कंपनीने त्याला आपल्या किल्ल्यांची डागडुजी करायला अभियंता म्हणून आणले होते आणि येऊन जेमतेम वर्ष झाले होते. बंदुकीच्या गोळीचा वेग जगात प्रथम विश्वासार्ह रीतीने मोजणारा माणूस कावेरीच्या मुलखाच्या वेशीवर मरण पावला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही.

रॉबिन्सचे पुस्तक १७४२ चे. त्यातली युक्ती सांगायला एक वाक्य पुरते. लोखंडी चौकटीत अडकवलेला जड लाकडी ठोकळा झोपाळ्यासारखा टांगा, त्यात गोळी मारा, आणि ठोकळा किती मागे झुलला ते फितीने मोजा. गोळी ठोकळ्यात रुतते, तिचा सारा संवेग ठोकळ्याला मिळतो, झोक्यावरून ठोकळ्याचा वेग कळतो आणि वजनांच्या गुणोत्तराने गोळीचा. सेकंदाला शेकडो मीटर धावणारी, डोळ्यांना न दिसणारी वस्तू एका संथ झोक्यात उतरते. बारावीच्या प्रयोगवहीत आपण याला ‘प्रक्षेपी लंबक’ म्हणून उरकतो.

मग त्याने ठोकळा बंदुकीपासून दूर दूर नेला. जितके अंतर जास्त तितका झोका कमी. हवा गोळीला ओढून धरते हे सर्वांना ठाऊक होते, पण ती किती धरते हे कोणी मोजले नव्हते. गोळा हवेत जवळजवळ परवलयातच जातो असे तोफखान्याची पुस्तके गॅलिलिओपासून सांगत आली होती. रॉबिन्सने दाखवले की २४ पौंडी गोळा पूर्ण दारूने सोडला तर सुरुवातीला हवेचा विरोध त्याच्या स्वतःच्या वजनाच्या वीसपटीच्या आसपास असतो. निर्वातात तो सोळा मैल गेला असता, प्रत्यक्षात तीन मैलही जात नाही. जयबाणाच्या ३५ किलोमीटरला हे उत्तर तोफ ओतली गेल्यावर वीसेक वर्षांतच तयार होते. ऑयलरने १७४५ मध्ये या पुस्तकाचे जर्मन भाषांतर करून त्याच्या कित्येक पट टिपणे जोडली. भाषांतरापेक्षा टिपा मोठ्या, ही परंपरा केवळ आपल्याकडचीच नव्हे.

रॉबिन्सच्या लंबकाकडे इतके रेंगाळण्याचे कारण असे की शस्त्राविषयीच्या दाव्याचा प्रकार त्याने बदलला. तोफ मोठी आहे, दारू अस्सल आहे, अमक्या सरदाराने एका गोळ्यात हत्ती पाडला, ही सारी साक्ष झाली. ठोकळा किती इंच झुलला हे मोजमाप झाले, आणि ते शत्रूलाही त्याच ठोकळ्यावर करून पाहता येते. पुढची पावणेतीनशे वर्षे गोळीचे उत्पादक साक्षीकडे आणि मोजणारे ठोकळ्याकडे ओढत राहिले.

स्वसंरक्षणासाठी विकल्या जाणाऱ्या पिस्तुलाच्या नवनव्या गोळ्या हे या ओढाताणीचे आजचे रूप. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील जी-टू रिसर्च या कंपनीने ‘आर. आय. पी.’ नावाची गोळी बाजारात आणली. थडग्यावर कोरतात तीच तीन अक्षरे, हा योगायोग नव्हे. शुद्ध तांब्याची, टोकाशी मुकुटासारखे दाते कापलेली. शरीरात शिरताच ९ मिमी गोळीचे आठ दाते सुटून आठ दिशांना जातात, बुंधा सरळ जातो, आणि एकाऐवजी नऊ जखमा होतात, असा दावा. चित्रफितींत कलिंगडे फुटली, जेलाटिनचे ठोकळे मंद गतीत थरथरले. गोळीचा प्रसार झपाट्याने झाला.

दावा खोटा होता का? दाते सुटत होते. नऊ मार्गही दिसत होते. पण ‘किती मार्ग’ हा प्रश्नच चुकीचा होता, बरोबर प्रश्न ‘किती खोल’ हा. एकाच धातूच्या, एकाच आकाराच्या आणि एकाच वेगाच्या दोन तुकड्यांपैकी मोठा अधिक खोल जातो. वस्तुमान लांबीच्या घनाने वाढते, समोर अडथळा झेलणारे क्षेत्रफळ वर्गाने. म्हणून खोली ढोबळपणे वस्तुमानाच्या घनमुळाच्या प्रमाणात राहते. सुमारे ६ ग्रॅमच्या गोळीचे निम्मे वजन आठ दात्यांत वाटले असे समजा. प्रत्येक दाता मूळ गोळीच्या सोळाव्या हिश्शाचा. सोळाचे घनमूळ अडीच. म्हणजे अखंड गोळी ३५ सेंमी जात असेल तर दाता १४ सेंमी, आणि वेडावाकडा गडगडत जाणारा दाता त्याहूनही कमी. हा अंदाज कागदावर काढायला पाच मिनिटे लागतात. स्वतंत्र चाचण्यांत दिसलेले चित्र याच जातीचे होते: दाते उथळ थांबले, आणि पुरेसे खोल गेले ते उरलेले छोटे बूड, जे एखाद्या हलक्या, न पसरणाऱ्या साध्या गोळीसारखेच वागले.

जाहिरातीतला दुसरा लाडका शब्द ‘ऊर्जा’. ‘सगळी ऊर्जा शरीरात ओतली जाते’ असे म्हणतात. ९ मिमीची साधारण गोळी साडेसात ग्रॅमची आणि सेकंदाला ३६० मीटर वेगाची धरली तर तिची गतिज ऊर्जा ४८६ ज्यूल येते. आकडा भारदस्त दिसतो. पण तितक्या ऊर्जेने अर्धा कप चहा एक-सव्वा अंशाने गरम होईल. सत्तर किलोचा माणूस ७० सेंमी उंचीच्या ओट्यावरून खाली उडी मारतो तेव्हा तेवढीच ऊर्जा त्याच्या गुडघ्यांत जिरते. मग गोळीने माणूस मरतो आणि उडीने मरत नाही, याचे कारण ऊर्जेच्या आकड्यात नाही. ती कोणत्या अवयवात, किती खोलवर, किती बारीक वाटेने जाते, यात आहे.

आणि ‘गोळी लागताच माणूस मागे फेकला जातो’? हा आपल्या हिंदी-तमिळ सिनेमांचा आवडता देखावा. त्याच गोळीचा संवेग २.७ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. सत्तर किलोच्या माणसाला त्यातून मिळणारा वेग सेकंदाला चार सेंटिमीटरही भरत नाही. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे झाडणाऱ्याच्या हातालाही निदान तेवढाच धक्का बसलेला असतो. गोळीने समोरचा उडून पडत असेल तर झाडणाराही उडून पडला पाहिजे.

‘स्टॉपिंग पॉवर’, म्हणजे माणसाला जागच्या जागी थांबवण्याची ताकद, हा शब्द बाजाराचा वाटला तरी त्याचे मूळ लष्करी आहे आणि त्यातला एक मोठा अध्याय भारतातच घडला. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तक्रार केली की नव्या .३०३ बंदुकीची सडपातळ, पूर्ण आवरणाची गोळी आरपार जाते पण माणूस थांबत नाही. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाचे आवरण काढून शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार केली. ‘दमदम’ हे गावाचे नाव जगभर एका क्रूर वस्तूचे नाव झाले. त्या वादात प्रयोगाचेही राजकारण झाले. जर्मनीत ट्यूबिंगेनच्या प्रा. ब्रुन्स यांच्या चाचण्यांनी भयंकर जखमा दाखवल्या, पण त्यांनी वापरली होती ती शिकारीची मऊ टोकाची माउझर गोळी, दमदमची नव्हे. नमुना चुकला की मोजमापसुद्धा साक्षीच्याच पातळीवर उतरते. २९ जुलै १८९९ रोजी, म्हणजे रॉबिन्सच्या मृत्यूच्याच तारखेला, द हेग येथे शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांविरुद्धचा जाहीरनामा झाला. तो राष्ट्राराष्ट्रांतल्या युद्धापुरता आहे. पोलीस आणि नागरी स्वसंरक्षण त्याच्या कक्षेबाहेर राहिले आणि पसरणाऱ्या गोळीची बाजारपेठ तिथेच वाढली.

पाच वर्षांनी, १९०४ मध्ये, अमेरिकी सैन्याच्या थॉम्प्सन आणि लागार्ड या अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर आणि मृतदेहांवर गोळ्या झाडून निष्कर्ष काढला की लष्करी पिस्तुलाची गोळी .४५ इंचापेक्षा लहान नसावी. (थॉम्प्सन म्हणजे पुढे ‘टॉमी गन’ काढणारे तेच.) जनावरे मोजकी होती, गोळी प्रत्येकाला वेगळ्या ठिकाणी लागली होती, आणि निष्कर्ष फिलिपाइन्समधल्या लढाईच्या कहाण्यांशी आधीच जुळलेला होता. तरी या अहवालाचे वजन अनेक दशके टिकले.

१९७० च्या दशकात अमेरिकेत संगणकाच्या मदतीने एक निर्देशांक निघाला. गोळी जेलाटिनमधून जाताना क्षणभर जी पोकळी फुगते तिच्या आकारावरून गोळीचा क्रम लावायचा. हलक्या, वेगवान गोळ्या यादीत वर चढल्या. दिसायला ही पोकळी फार मोठी असते, चित्रफितीत थरथरतो तो हाच भाग. पण स्नायू, त्वचा, फुप्फुस या लवचिक वस्तू आहेत. पिस्तुलाच्या वेगाला त्या बहुतांशी ताणल्या जातात आणि परत जागेवर येतात. यकृत किंवा मेंदूसारख्या ठिसूळ अवयवांचे वेगळे. कायमची जखम उरते ती गोळीने प्रत्यक्ष चिरडलेल्या वाटेपुरती.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआय आणि दोन सशस्त्र दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. चकमकीच्या सुरुवातीलाच एका दरोडेखोराला ९ मिमीची, पोकळ टोकाची, हलकी गोळी लागली. ती उजव्या दंडातून पार होऊन छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. जखम प्राणघातक होती, पण तो लगेच कोसळला नाही. त्याने गोळीबार चालू ठेवला. दोन अधिकारी ठार झाले, पाच जखमी झाले. गोळीने जाहिरातीप्रमाणे सारे केले होते, ती पसरली होती, ऊर्जा शरीरातच ‘ओतली’ होती. फक्त काही सेंटिमीटर कमी गेली होती.

त्यानंतर पुन्हा ठोकळ्याकडे जाणे झाले. सैन्यातील शल्यविशारद डॉ. मार्टिन फॅक्लर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेत जेलाटिनचा ठोकळा प्रमाणित केला होता: दहा टक्के जेलाटिन, चार अंश सेल्सियस तापमान. आणि ठोकळा भरवशाचा आहे की नाही हे आधी तपासायचे. साडेचार मिलिमीटरचा पोलादी छर्रा सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने मारला तर तो साडेआठ सेंमीच्या आसपास थांबला पाहिजे. नाही थांबला तर तो ठोकळा टाकून द्यायचा. मला या साऱ्या इतिहासातला हा छर्रा सर्वांत आवडतो. सुंदर, पारदर्शक, मंद गतीत थरथरणारा ठोकळा दाखवणाऱ्या किती जाहिरातींत हा छर्रा आधी मारलेला दिसतो, ते पाहा. एफबीआयने मग किमान १२ इंच, म्हणजे ३० सेंमी, आणि कमाल १८ इंच, म्हणजे सुमारे ४५ सेंमी, अशी खोलीची मर्यादा धरली. छाती तीस सेंमी जाड नसते हे खरे. पण आडवा आलेला दंड, जाड कपडे, तिरका कोन, हे सारे त्यात धरलेले आहे. मायामीची गोळी आडव्या दंडानेच खर्ची पडली होती.

आपल्याकडे सामान्य नागरिकाला ९ मिमी मिळत नाही. ते निषिद्ध बोअरमध्ये मोडते. परवाना मिळालाच तर बहुधा .३२ चे रिव्हॉल्व्हर. जानेवारी २०१४ मध्येच, जी-टू रिसर्चची गोळी अमेरिकेत गाजत असताना, कानपूरच्या आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ हे .३२ चे रिव्हॉल्व्हर महिलांच्या स्वसंरक्षणासाठी म्हणून आणले. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतरचे दिवस होते. टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, दागिन्यांच्या डबीसारखे मरून खोके. बातम्यांत सर्वांत ठळक होते ते हलकेपण. .३२ ची गोळी सुमारे ६.३ ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर, ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास, म्हणजे ९ मिमीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. तिचा संवेग १.४ धरला तर पाऊण किलोचे रिव्हॉल्व्हर हातात सेकंदाला १.९ मीटर वेगाने मागे येते, अर्ध्या किलोचे २.८ मीटर वेगाने. क्वचितच सराव करणाऱ्या हातासाठी हलकेपण हा निव्वळ फायदा नव्हे. आणि ज्या क्षणी ते लागणार त्या क्षणी ते पर्समधून बाहेर काढायला किती सेकंद आहेत, हा प्रश्न तर गोळीच्या भौतिकशास्त्राच्याही आधीचा. सुरक्षिततेची गरज खरी होती. म्हणूनच खोक्याच्या रंगाची चर्चा मला तेव्हाही अस्वस्थ करून गेली.

राहता राहिली टक्केवारी. १९९२ मध्ये इव्हान मार्शल आणि एडविन सॅनो यांच्या पुस्तकाने प्रत्यक्ष गोळीबारांच्या नोंदींवरून प्रत्येक काडतुसाला ‘एका गोळीत थांबला’ असे टक्के दिले. काही काडतुसांना नव्वदच्या पुढे. प्रयोगशाळेतल्या ठोकळ्यापेक्षा रस्त्यावरचा पुरावा थोर, असे अनेकांना वाटले, आणि वरवर ते पटतेही. पण नियम असा होता की ज्या घटनेत एकाहून अधिक गोळ्या लागल्या ती घटना मोजायचीच नाही. समजा शंभर माणसांना गोळी लागली. पन्नास पहिल्या गोळीत थांबले. पंचेचाळीस थांबले नाहीत म्हणून त्यांना दुसरी मारावी लागली. पाच एकच गोळी खाऊनही चालत राहिले. नियमाप्रमाणे ते पंचेचाळीस यादीतून गेले. उरले पंचावन्न, त्यांतले पन्नास थांबले. यश ९१ टक्के. प्रत्यक्षात पहिल्या गोळीने निम्मेच थांबले होते. फॅक्लर आणि इतर टीकाकारांनी यावर आणि आकड्यांतल्या विसंगतींवर सविस्तर लिहिले. त्यांची मुख्य तक्रार ही की ज्या नोंदींवरून टक्के काढले त्या मूळ नोंदी तपासायला मिळत नाहीत.

मूळ नोंदी म्हणजे काय असतात ते पाहायचे तर पुन्हा तंजावरच्या राजवाड्यात यावे. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांना १८२६ मध्ये भेटलेल्या बिशप हेबरने लिहून ठेवले आहे की हा राजा लाव्हाझिए, लिनेअस, बुफाँ यांचे दाखले सहज देतो, आणि वाघावर त्याचा नेम अचूक व निर्विकार आहे. बंदूक आणि रसायनशास्त्र दोन्हींची माहिती असलेला तो गृहस्थ. त्याने धन्वंतरी महाल काढला, तिथे वैद्य, हकीम आणि युरोपीय उपचार एकत्र चालत. तिथल्या नेत्ररोग्यांचे केसपेपर सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. त्यांत रोग्याच्या डोळ्याचे हाताने काढलेले रंगीत चित्र आहे, लक्षणे आहेत, उपचार आहेत, पुढची प्रगती आहे. ‘इतक्या टक्क्यांना गुण आला’ असे कोणी म्हटले असते, तर दोनशे वर्षांनंतरही एकेक कागद काढून कोण मोजला, कोण वगळला हे विचारता येते. त्या टक्क्यांच्या पुस्तकातल्या पंचेचाळिसांविषयी ते विचारता येत नाही.